रांगोळीवरचा लाल डाग

दिवाळीत रांगोळीवर चुकून पाय देणाऱ्याला एक वेळ क्षमा आहे. रांगोळीवर पानाची पिंक टाकणाऱ्याला नाही. गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सकाळी, बीडच्या आमच्या घरी असा गुन्हा उघडकीस आला आणि संशयित म्हणून आम्ही दोघे भाऊ वहिनींपुढे उभे राहिलो.

त्याचे असे झाले. वसुबारसेच्या संध्याकाळी वहिनींनी अंगणात गाय-वासराची रांगोळी काढली होती. सकाळी पाहतात तो वासराच्या कपाळावर रुपयाएवढा लालभडक डाग, शेपटीजवळ दुसरा, आणि दोन्हींच्या मधे बारीक शिंतोडे. कुंकू म्हणावे तर फार मोठे. दादाला जेवणानंतर पान लागते हे जगजाहीर. मी पुण्याला पान सोडले आहे. पण बीडला आलो की पुन्हा धरतो, हेही घरात कोणापासून लपलेले नाही.

"दोघांपैकी कोण ते खरं सांगा," वहिनी म्हणाल्या. "दिवाळी आहे म्हणून मी ओरडत नाहीये."

आम्ही दोघांनीही देवाशपथ नाही म्हटले. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले. शेवटी आमच्या घरच्या मंडळींनी खाली वाकून डागाला बोट लावले, बोट नाकाशी नेले आणि निकाल दिला, "पिंक नाही ही. तेल आहे."

मग सगळ्यांच्या माना एकदम गाडीकडे वळल्या. रात्री दादा बाजारातून उशिरा आला होता आणि गाडीचे नाक रांगोळीवर आणून उभे केले होते. सकाळी पुतण्या तीच गाडी घेऊन दूध आणायला गेला आणि पुरावा उघडा पडला.

आमची ही गाडी आठ माणसे बसतील अशी, जीपच्या जातीची आहे. वय बावीस वर्षे. तिच्या कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा दोष मुळीच नाही. दोष कोणाचा, ते मी लेखाच्या शेवटाकडे सांगणार आहे. आधी सांगायला धीर होत नाही.

"हां, ते होय?" दादा अगदी शांतपणे म्हणाला. "स्टेअरिंगचं ऑइल आहे ते. थोडं गळतं. दर पंधरा दिवसांनी मी भर घालतो."

"किती दिवसांपासून?"

"वर्ष झालं असेल."

दादा निवृत्त शिक्षक आहे. गणित शिकवायचा. हौदाला एक नळ भरतो आणि दुसरा गळतो, तर हौद किती वेळात भरेल, असली उदाहरणे त्याने पस्तीस वर्षे पोरांकडून सोडवून घेतली. त्याने स्वतःच वर्षभर तो हौद भरत बसावे आणि गळका नळ बंद करण्याचे मनावर घेऊ नये, याचे मला नवल वाटले. ते नवल किती वेडेपणाचे होते, हे दुसऱ्या दिवशी कळले.

आता हे लाल तेल स्टेअरिंगमधे करते काय, ते थोडक्यात सांगतो. मोटार चालवणाऱ्या पुष्कळ मंडळींना ते ठाऊक नसते, मलाही नव्हते.

जुन्या मोटारीत चाक वळवायला माणसाचे बळ लागे. आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांनी उभा जन्म एस. टी. चालवली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. सुटली. त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या चालकांनी सगळे घाट खांद्याच्या जोरावर वळवले. जुन्या बसचे स्टेअरिंग परातीएवढे मोठे असायचे ते उगीच नव्हे. चाक जितके मोठे, तितका वळवणाऱ्याला हात मिळतो. या ओझ्यावर फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनियराने उपाय शोधला. त्याने १९२६ साली पिअर्स-ॲरो कंपनीच्या गाडीवर तेलाच्या दाबाने वळणारे स्टेअरिंग बसवून दाखवले. ते फार खर्चाचे म्हणून पंचवीस वर्षे सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत आले नाही. १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या इम्पिरियल गाडीत तशी सोय दिली, आणि मग हळूहळू ती जगभर पसरली.

युक्ती साधी आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. तो डब्यातले तेल ओढून जाड पाइपाने स्टेअरिंगच्या पेटीत ढकलतो. आपण चाक डावीकडे वळवू लागलो की पेटीतली झडप किंचित सरकते आणि ते तेल आपण वळवू त्या बाजूला जोर लावते. काम झालेले तेल दुसऱ्या पाइपाने परत डब्यात येते. म्हणजे वळवतो आपणच. तेल फक्त मागून हात लावते. हातगाडी चढावर अडली की मागून कोणी तरी दोन हातांनी रेटा देतो ना, तसे. पण हा रेटा सामान्य नाही. गाडीच्या टायरमधे हवेचा जो दाब असतो, त्याच्या तीस-चाळीस पट दाब पूर्ण वळणाच्या वेळी त्या पाइपात असू शकतो. एवढा दाब धरून ठेवणार कोण? तर रबराची बोटाएवढी सीलं, तांब्याचे वायसर आणि पाइपावरच्या क्लिपा. त्यांतले एखादे थकले की तेल बाहेर वाट शोधते.

हल्लीच्या बहुतेक छोट्या मोटारींत हा तेलाचा मामलाच राहिलेला नाही. तिथे विजेची मोटर हात लावते. तशी पहिली गाडी १९८८ साली जपानात सुझुकीने काढली. पण गावोगावच्या जुन्या गाड्या अजून याच लाल तेलावर वळतात, आणि दिवाळीत माहेरवाशिणींना आणायला त्याच निघतात.

हे सगळे ज्ञान मला त्या सकाळी नव्हते. मी आपला म्हणालो, "दादा, गळतंय तर गळू दे. चार दिवसांचा प्रश्न आहे. भाऊबीजेला ताईकडे जाऊन आलो की बघू."

आमची ताई अंबाजोगाईला असते. भाऊबीजेला आम्ही दोघे भाऊ सहकुटुंब तिच्याकडे जातो. हा नेम आई गेल्यापासून चुकलेला नाही. बीड सोडले की पालीच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट चढायचा, मग नेकनूर, केज करीत अंबाजोगाई. सबंध रस्ता मोटारीचा. बीड शहराला रेल्वेच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला आली, तीही अहिल्यानगरच्या बाजूने. त्याआधी आम्हां बीडकरांना जगाशी जोडणारे जे काही होते ते चार टायर आणि एक स्टेअरिंग. म्हणून आमच्याकडे गाडीला घरातल्या माणसासारखे सांभाळतात.

माझे बोलणे ऐकून वहिनी स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. उंबऱ्यातच थांबल्या.

"भाऊजी, तुम्हाला यांनी सांगितलं नसेल," त्या म्हणाल्या. "श्रावणात हे ताईंकडून एकटेच परत येत होते. पाऊस होता. मांजरसुंब्याचा घाट उतरताना गाडीचं चाक एकाएकी दगडासारखं झालं. वळेचना. कसंबसं कठड्यापासून ओढून घेतलं, पण उजवा खांदा गेला. अजून रात्री कुशीवर झोपता येत नाही त्यांना. रोज तेल चोळते मी."

"चोळते म्हणून बरं आहे," दादा म्हणाला. "गाडीला मी तेल घालतो, मला ही घालते."

कोणी हसले नाही. दादा फराळाचा डबा उजव्या हाताने न घेता डाव्या हाताने का घेतो, हे दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसले नव्हते.

तेल संपले तर गाडी वळायची थांबत नाही. लोखंडी जोडणी जिथल्या तिथे असते. पण मागून रेटा देणारा हात एकदम निघून जातो. आणि तो हात आहे असे गृहीत धरूनच या गाड्यांचे चाक लहान आणि चटकन वळणारे केलेले असते, त्यामुळे ते जुन्या बसच्या चाकापेक्षाही जड लागते. ऐन वळणावर, अडुसष्टाव्या वर्षी, पावसात, ते दादाने ओढले होते.

मी गाडीची किल्ली घेतली आणि म्हणालो, "चल, आत्ता चल."

धनत्रयोदशीच्या दिवशी बीडमधल्या गॅरेजात जागा मिळवणे म्हणजे लग्नसराईत आचारी मिळवण्यासारखे. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली हजारो माणसे ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. त्याआधी ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्त करून घ्यायची घाई असते. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मिस्त्री वयाने दादाच्या बरोबरीचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दादाला पाहताच ते पाना खाली ठेवून उठले. त्यांची दोन्ही मुले दादाच्या हाताखाली शिकलेली.

"सर, तुम्ही कशाला आलाव? निरोप धाडायचा."

मी पुढे होऊन सांगितले की स्टेअरिंगचे ऑइल गळते आहे, ती पेटीच बदलून टाका. पुण्याहून आलेला माणूस उपाय नेहमी आधी सांगतो आणि दुखणे नंतर.

चाचांनी माझ्याकडे लक्ष दिले नाही. बॉनेट उघडले, डब्याचे झाकण काढले, बोटाने तेल घेऊन अंगठ्यावर चोळले, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पण बोलले काही नाहीत. मग म्हणाले, "आधी धुऊन घेऊ. तेल खाली जिथं पडतं तिथून गळत नसतंय. वाऱ्यानं कुठलं तेल कुठं जातं. बघितल्याबिगर पेटी बदलायची म्हंजे जखम मांडीला आन् मलम शेंडीला."

मुलाने डिझेल आणि ब्रश घेऊन पंप, पाइप, पेटी सगळे स्वच्छ धुतले, फडक्याने कोरडे केले. चाचांनी जोडांवर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली. "आता खाली कागद अंथरा कायतरी. पांढरा पाहिजे."

पांढरा कागद कुठला आणायचा? माझ्या पिशवीत नुकताच आलेला दिवाळी अंक होता. त्यात माझेच हे सदर छापलेले, दादाला दाखवायला आणलेले. दादाने तो घेतला आणि मधोमध उघडून गाडीखाली सरकवला. इंजिन सुरू झाले. चाचांनी मला चाक डावीकडे, मग उजवीकडे शेवटपर्यंत वळवायला सांगितले. शेवटच्या टोकाला घर्रर्र असा आवाज आला. मी चाक तसेच धरून ठेवले तेव्हा ते ओरडले, "सोडा, सोडा! टोकाला पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही. सगळा दाब तिथं कोंडतो. तेल तापतं, पंप जळतो."

पाच मिनिटांनी अंक बाहेर काढला. माझ्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदावर लाल तेलाचे दोन ठळक थेंब होते.

"शेरा मिळाला तुला," दादा म्हणाला.

पावडरीवर तेलाच्या वाटा स्वच्छ उमटल्या होत्या. गळती दोन ठिकाणी होती. एक, परतीचा पाइप डब्याला जिथे जोडतो तिथली क्लिप ढिली झाली होती. ती जुनी गळती. पाइपाचे टोक वर्षानुवर्षांच्या तेलाने काळे झाले होते. दुसरी, पेटीच्या खालून जो दांडा बाहेर येतो, त्याच्या सीलातून. ती मोठी होती.

"क्लिपचं काम चहा होईस्तवर होतं," चाचा म्हणाले. "नवी क्लिप टाकायची, पाइपाचं टोक बोटभर कापायचं, झालं. ती वेळेवर आवळली असती तर बाकी काहीच नव्हतं. पण हे सील..."

दुपारी त्यांनी पेटीची खालची बाजू उघडली. दांड्यावरची ड्रॉप आर्म काढण्याआधी दोहोंवर छिन्नीने एक खूण केली, म्हणजे बसवताना चाक वाकडे बसणार नाही. सील बाहेर काढून तळहातावर ठेवले. रबराची ती कडी फुगून मऊ झाली होती. बोटाने दाबली तर पाण्यात भिजलेल्या वालासारखी दबली.

"वयानं सील कडक होतं, चिरतं," चाचा म्हणाले. "हे फुगलंय. ह्या डब्यात कुणी तरी ब्रेक ऑइल घातलंय. डब्यातल्या तेलाचा वासच येगळा येत होता. ब्रेकचं ऑइल येगळ्या जातीचं, त्याचं रबर येगळं. हे रबर त्याला टिकत नसतंय. कुणी घातलं होतं, सर?"

माझ्या तोंडचे पाणी पळाले.

त्याच्या आदल्या वर्षीची भाऊबीज मला लख्ख आठवली. ताईकडून परत येताना गाडी मी चालवत होतो. नेकनूरच्या अलीकडे वळणावर स्टेअरिंग कण्हू लागले. मंडळी चहाला उतरली तेव्हा मी बॉनेट उघडून पाहिले. स्टेअरिंगच्या डब्यात तेल खाली गेले होते. डिकीत ब्रेक ऑइलची अर्धी बाटली होती. ऑइल ते ऑइल, असा विचार करून मी ती ओतली. कण्हणे थांबले. आपल्याला यंत्रातले कळते अशा आनंदात मी पुण्याला निघून गेलो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "मीच घातलं असेल, चाचा. या वयात सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात."

चाचांनी मान हलवली. गणिताच्या सरांना काय बोलणार? "सर, आता ध्यानात ठेवा. झाकणावर लिवलेलं असतंय कुठलं ऑइल ते. नाही कळलं तर इचारा, पण ब्रेकचं घालू नका."

मी गप्प राहिलो. तिथे चाचा होते, त्यांची पोरे होती, ट्रॅक्टरवाले होते. एवढ्या लोकांत कशाला, असे मी मनाशी म्हटले. माणसाला गप्प राहायला कारण सापडायला वेळ लागत नाही.

काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालले. एकच सील बदलून भागणार नव्हते. ब्रेक ऑइल सगळीकडे फिरले होते. पंपातली सीलं, पेटीतली सीलं, ओ-रिंगा, सगळे नवे. मी शहाणपणाने सुचवले की दाबाचा पाइप बरा दिसतो, राहू द्या. चाचा म्हणाले, "बाहेरून बरा दिसतो. त्याच्या आतल्या रबरानं पण ब्रेक ऑइल पिलंय." तो पाइप हायड्रॉलिकच्या दुकानातून मापाने दाबून आणला. ट्रॅक्टर आणि खोदाईची यंत्रे जिथे असतात तिथे असली दुकाने असतातच. बीडला त्यांची वाण नाही. जोडाचे तांब्याचे वायसर जुने घालू दिले नाहीत. एकदा दबलेले तांबे पुन्हा तसे बसत नाही. जुने तेल काढून नवे घातले, तेही काढून टाकले, आणि मग पुन्हा नवे भरले.

शेवटी हवा काढायची होती. पुढची चाके जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून मला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला लावले. वीस वेळा. रेट्याचा हात नाही. चाके अधांतरी होती, जमिनीचा भार नव्हता, तरी दहाव्या फेरीला माझे दंड भरून आले. डब्यात बुडबुडे येत, तेल खाली जाई, चाचा भर घालत. अठराव्या फेरीला मी थांबलो आणि दादाकडे पाहिले. तो बाकावर बसून डाव्या हाताने चहा पीत होता. हेच चाक त्याने जमिनीवर, उतारावर, सबंध गाडीच्या भारासकट ओढले होते. उरलेल्या दोन फेऱ्या मी मुकाट्याने पुऱ्या केल्या.

बिल मी द्यायला गेलो. दादाने माझा हात धरला. मी त्याचा. चाचांनी दोघांकडे पाहून शेवटी माझ्याकडून पैसे घेतले. त्यांना काही कळले होते का, कोण जाणे.

लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला. भाऊबीजेला आम्ही अंबाजोगाईला गेलो. जाताना पुतण्याने गाडी चालवली. ताईने ओवाळले, परतताना बालाघाटाच्या सीताफळांची टोपली गाडीत ठेवली. येताना चाकावर मी बसलो, दादा शेजारी. मागे मुले, बायका, सीताफळे, आणि गाण्याच्या भेंड्या.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो. घाट पुढे होता. मंडळी हॉटेलात गेली आणि आम्ही दोघे गाडीपाशी राहिलो.

"दादा," मी म्हणालो, "ते ब्रेक ऑइल मी घातलं होतं. गेल्या वर्षी. नेकनूरला."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"रिकामी बाटली डिकीत टाकून गेला होतास. मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस? मला फोन करायचास. निदान चाचांना दाखवायचंस. श्रावणात तू..." मला पुढे बोलवेना.

दादाने थोडा वेळ रस्त्याकडे पाहिले. उसाच्या टोळीचा ट्रॅक्टर घाटाकडे निघाला होता. ट्रॉलीवर भांडीकुंडी, गोधड्या आणि वर बसलेली पोरे.

"चाचांना दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कुणी घातलं. तुला फोन केला असता तर तू म्हणाला असतास, विकून टाक ती गाडी. वर्षातले चार दिवस तू येतोस. ते चार दिवस तुझी चूक काढण्यात घालवायचे? म्हटलं, पंधरा दिवसांनी एक बाटली घालावी. काय बिघडतं?"

"खांदा बिघडला."

"तो बिघडला खरा," दादा म्हणाला. "ते गणित चुकलं माझं."

मी काहीच बोललो नाही. चूक माझी होती, ती झाकली त्याने, आणि त्या झाकण्याचे वजन त्याच्या खांद्यावर पडले होते. माझ्यावर रागावून त्याने एक वाक्य टाकले असते तर ती गळती आठवड्यात बंद झाली असती. आणि एक वाक्य विचारण्याइतके मी त्याच्याकडे नीट पाहिले असते, तरी झाली असती. घरोघर असेच चालते. कोणी तरी एक जण बोलून दाखवण्याऐवजी गुपचूप भर घालत राहतो, आणि बाकीच्यांना वाटते की गाडी किती हलकी चालते.

घाट उतरायला लागलो तेव्हा अंधार पडला होता. पहिल्या वळणावर मी चाक फिरवले. ते लोण्यासारखे वळले. कण्हणे नाही, घरघर नाही. दादा उजव्या हाताने वरचा दांडा धरून बसला होता. दोन वळणे गेल्यावर त्याने तो हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. पाली मागे पडली तेव्हा त्याचा डोळा लागला होता.

पुण्याला आल्यावर मी त्याला अस्थितज्ज्ञाकडे पाठवल्याशिवाय राहिलो नाही. दर आठवड्याला फोन करून व्यायाम केलास का म्हणून विचारतो. तो कुरकुरतो आणि करतो. आता खांदा पुष्कळ बरा आहे. डबे उजव्या हाताने घेतो, असा वहिनींचा अहवाल आहे.

आपणही या दिवाळीत जुनी गाडी काढून गावाकडे निघणार असाल, तर एक करा. आदल्या रात्री गाडीच्या नाकाखाली एक पांढरा कागद अंथरा. हा अंक वाचून झाला असेल तर हाही चालेल. मला सवय आहे. सकाळी त्यावर लाल डाग दिसला तर बाटली आणायला धावू नका, आधी मिस्त्रीकडे जा. आणि गळती कुठून आहे ते पाहिल्याशिवाय त्याला उपाय सांगू नका.

वहिनींनी मात्र त्याच दिवाळीत स्वतःची परीक्षा घेतली. घाट उतरून आम्ही घरी आलो त्या रात्री गाडी अंगणात लागल्यावर त्यांनी चाळण घेतली आणि गाडीच्या नाकाखाली पांढऱ्या रांगोळीचा एक मोठा चौकोन घातला. सकाळी आम्ही दोघे भाऊ तोंड धुण्याआधी तिकडे गेलो. पुतण्याने गाडी मागे घेतली.

चौकोन पांढराच होता. एका कोपऱ्यात मांजराच्या पावलांचे चार ठसे तेवढे होते. पण त्याबद्दल वहिनींनी आमच्यापैकी कोणावरही संशय घेतला नाही.